ई-कचरा फोडणाऱ्यांचे आजार : काय होतं, का होतं आणि डॉक्टरांना काय सांगायचं

कर्वेनगर (पुणे) : जुना टीव्ही, बंद पडलेला मोबाईल, जळालेला मिक्सर, चार्जर, रिमोट, कॉम्प्युटर, गेलेला इन्व्हर्टर, सीएफएल बल्ब, या सगळ्याला ई-कचरा म्हणतात. प्लगवर किंवा सेलवर चालणारी वस्तू टाकून दिली की ती ई-कचरा झाली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. हा कचरा शहरात जास्त निघतो, पण तो हातानं वेचणारी आणि फोडणारी कितीतरी माणसं गावाकडून गेलेली आहेत. आपल्याकडून पुण्याला कामाला गेलेल्या घरांत भंगाराच्या धंद्यावर पोट असलेली घरंही आहेत. सणाला गावी आल्यावर ही मंडळी थकवा, पोटात कळ, जुना खोकला असं सांगतात. गावातला डॉक्टर अॅसिडिटीची गोळी आणि ताकदीचं टॉनिक देतो. आजार मुळात कामातून आलाय का, हे विचारायचं राहून जातं. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत. ज्यांचं कुणी या कामात आहे त्यांना पाठवून द्या.

कर्वेनगरचा माल जातो कुठे

कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. महर्षी कर्वे यांनी १९०० साली इथल्या माळावर विधवांचा आश्रम आणला, त्यांच्याच नावानं पुढे हा भाग ओळखला जाऊ लागला. आज त्यांच्या संस्थेच्या शाळा, कॉलेजं, मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेज इथेच आहे. आजूबाजूला हॉस्टेलं, भाड्यानं राहणारी पोरं-पोरी आणि मुठा नदीच्या अंगानं दाट झालेल्या सोसायट्या. अशा वस्तीतून काय निघणार? चार्जर, हेडफोन, लॅपटॉपच्या बॅटऱ्या, प्रिंटर, राऊटर. गावात टीव्ही पंधरा वर्षं चालवतात, इथे मोबाईल दोन-तीन वर्षांत जुना होतो.

सोसायटीतून सुका कचरा उचलणारी कचरावेचक ताई हा पहिला हात. पुण्यात या कामाची संघटना जुनी आहे. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' सुरू झाली. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून ती महापालिकेसोबत घरोघरी कचरा गोळा करते. या कामात बायका जास्त, त्यांतल्या बहुतेक दलित समाजातल्या, आणि अनेकींची घरं १९७२ च्या दुष्काळात किंवा त्यानंतर मराठवाड्याकडून, दुष्काळी पट्ट्यातून पुण्यात आलेली. दारावर येऊन पैसे देऊन जुनं सामान घेणारे हातगाडीवाले आणि डबा-बाटलीवाल्या हे वेगळे.

दुसरा हात म्हणजे भंगाराचं दुकान. तिथे माल वजनावर घेतात आणि मागच्या बाजूला फोडतात. लोखंड वेगळं, अॅल्युमिनियम वेगळं, तांबं वेगळं, प्लास्टिक वेगळं. हिरव्या सर्किट प्लेटा बाजूला साठवतात, कारण त्यांत थोडं सोनं, चांदी, पॅलेडियम असतं. या प्लेटा एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात जात देशातल्या ठरावीक ठिकाणी पोचतात. दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद ही त्यातली नावाजलेली नावं. मुरादाबादला तर प्लेटा जाळून झाल्यावरची राख रामगंगेच्या काठावर पडते, हा प्रश्न हरित लवादापर्यंत गेला होता. म्हणजे माल कर्वेनगरच्या फ्लॅटमधून निघतो आणि त्याचं विष वाटेत प्रत्येक हाताला थोडं थोडं लागत जातं.

हा आवाका किती मोठा आहे ते कळावं म्हणून दोन आकडे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. कचरा काढण्यात चीन आणि अमेरिकेनंतर आपला नंबर लागतो.

वेचणं, फोडणं, जाळणं, तेजाब

सगळ्या कामाला सारखा धोका नसतो. हे नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर माणूस एकतर उगाच घाबरतो किंवा काहीच मनावर घेत नाही.

नुसतं वेचण्यात आणि वाहण्यात हात कापणं, पाठ-मान धरणं, पायात काच घुसणं हे रोजचं. जखमेकडे दुर्लक्ष झालं तर धनुर्वाताची भीती.

फोडण्यात धूळ येते. जुन्या डब्याच्या टीव्हीची काच साधी नसते. किरणं अडवण्यासाठी त्या काचेत शिसं मिसळलेलं असतं, एका टीव्हीत किलो-दोन किलोच्या घरात. वर ती नळी आतून हवा काढून घेतलेली असते, म्हणून हातोडा बसला की काच आत ओढली जाऊन मग चारी बाजूंना उडते. डोळा जायला तेवढं पुरे. मायक्रोवेव्हमधला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जोराचा झटका देऊ शकतो. नव्या फ्रीजमध्ये जो गॅस भरतात तो बऱ्याच वेळा स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा, पेट घेणारा असतो. कंप्रेसरची नळी कटरनं कापताना स्फोट होतो तो त्यामुळे.

जाळण्यात धूर येतो. वायरीवरचं प्लास्टिक बहुतेक पीव्हीसी असतं. ते जळताना घसा जाळणारा आम्लाचा वायू निघतो आणि सोबत डायॉक्सिन नावाची विषं तयार होतात. डायॉक्सिन अंगातल्या चरबीत वर्षानुवर्षं राहतं आणि कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत ते वरच्या वर्गात आहे. सर्किट प्लेट शेगडीवर किंवा गॅसवर तापवून सुटे भाग काढतात, त्या वेळी डाग सुटतो. जुना डाग म्हणजे कथिल आणि शिसं. त्याच्या राळेच्या धुरानं दमा उठतो.

तेजाबाचं काम सगळ्यात वाईट. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक अॅसिड एकत्र करून प्लेटांवरचं सोनं सोडवतात. त्यातून तांबूस-पिवळट वाफ निघते. ही वाफ फसवी आहे. त्या वेळी थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात आणि माणूस म्हणतो, झालं बरं. पण काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरून श्वास कोंडतो. तेजाबाची वाफ जास्त गेली असेल तर घरी जाऊन झोपू नका, बरं वाटत असलं तरी मोठ्या दवाखान्यात जाऊन नजरेखाली राहा.

भंगारात काय येईल याचा नेम नसतो, तेही सांगून ठेवतो. २०१० साली दिल्ली विद्यापीठानं वापरात नसलेलं एक यंत्र लिलावात काढलं. ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं, तिथे फोडलं गेलं आणि आतलं किरणोत्सारी कोबाल्ट लोकांच्या हाताला लागलं. कामगार भाजले, एक जण गेला. विद्यापीठातल्या शिकलेल्या लोकांना जे ओळखता आलं नाही ते हातोडा घेतलेल्या माणसानं कसं ओळखायचं?

शिसं : न दिसणारा आजार

या धंद्यातलं सगळ्यात जास्त पसरलेलं विष म्हणजे शिसं. डागात शिसं, टीव्हीच्या काचेत शिसं, जुन्या बॅटरीत तर प्लेटाच शिशाच्या. आणि ते अंगात जायला मोठा अपघात लागत नाही.

धूळ हाताला लागते. त्याच हातावर तंबाखू-चुना मळला जातो. त्याच हातानं बिडी ओढली जाते, चहाचा कप धरला जातो, भाकरी मोडली जाते. दिवसातून दहा वेळा तंबाखू खाणारा माणूस दहा वेळा शिसं खातो, असं सरळ समजा. चवीला कळत नाही, वास येत नाही.

अंगात गेल्यावर शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं आणि हाडात नेऊन ठेवतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडात असतं. रक्तातलं शिसं महिना-दीड महिन्यात निम्म्यावर येतं, हाडातलं मात्र दहा-वीस वर्षं निघत नाही. म्हणून काम सोडून वर्ष झालेल्या माणसाचा रिपोर्ट बरा येतो आणि तरी त्रास चालू राहतो.

त्रास कसा असतो? पोटात मुरडा मारल्यासारखी कळ, शौचाला न होणं, तोंडाला धातूची चव, भूक नाही. अंग गळून जाणं, चेहरा पांढरा पडणं, कारण शिसं रक्त तयार होऊ देत नाही. डोकेदुखी, चिडचिड, झोप उडणं, विसरायला होणं. सांधे दुखतात. बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो. जास्त वर्षं झाली की मनगट लुळं पडतं, हात पुढे केला तर पंजा खाली लोंबतो. काहींच्या हिरडीवर दाताच्या कडेनं निळसर-काळी रेघ दिसते. पुरुषांत वीर्य कमी होतं. मूल होत नाही म्हणून बाईलाच देवऋषी आणि डॉक्टरकडे फिरवणाऱ्या घरांनी नवरा काय काम करतो हेही बघावं.

आता यातली एक एक तक्रार वेगळी घेतली तर काय वाटेल? पोटदुखी म्हणजे अॅसिडिटी. फिकटपणा म्हणजे खाणं कमी. चिडचिड म्हणजे दारू. सांधे म्हणजे वय. खरी गोम हीच आहे. हा आजार दुसऱ्या आजारांचा वेश घेऊन येतो आणि विचारल्याशिवाय सापडत नाही.

बाकीची विषं थोडक्यात

जुन्या चार्जिंगच्या सेलमध्ये कॅडमियम असतं. ते किडनीत साठतं आणि हाडं ठिसूळ करतं. जपानमध्ये खाणीचं कॅडमियम नदीतून भातशेतीत गेलं तेव्हा तिथल्या बायकांची हाडं एवढी दुखायची की त्या रोगाचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय-दुखतंय', असं पडलं.

सीएफएल, ट्यूबलाइट आणि जुन्या एलसीडी स्क्रीनमध्ये पारा असतो. फुटला की वाफ होऊन श्वासातून जातो. हात थरथरणं, अक्षर बिघडणं, लाजराबुजरेपणा किंवा एकदम राग येणं ही त्याची लक्षणं. फुटलेला बल्ब केरसुणीनं झाडू नका, त्यानं पारा पसरतो. खिडक्या उघडून थोडं थांबा, मग पुठ्ठ्यानं गोळा करा, उरलेलं ओल्या कागदानं टिपून डब्यात बंद करा.

काही कनेक्टर आणि स्प्रिंगांच्या तांब्यात बेरिलियम मिसळलेलं असतं. त्याची धूळ काही जणांच्या फुप्फुसात गाठी करते. धाप, कोरडा खोकला, वजन उतरणं. एक्स-रे बघून टीबी वाटतो. थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि टीबीच्या गोळ्यांनी फरक पडत नसेल तर कामाचा विषय डॉक्टरांकडे जरूर काढा. पण हे वाचून चालू असलेला टीबीचा कोर्स कुणी मनानं बंद करू नका. भंगाराच्या कामात धूळ, दाटीची खोली, कमी खाणं यामुळे टीबीही होतो, तो वेगळा.

प्रिंटरच्या काळ्या पावडरीनं खोकला येतो. लिथियमची फुगलेली बॅटरी टोचली तर पेट घेते आणि तिचा धूर फुप्फुसाला विषारी असतो.

घरी नेलेली धूळ

काम करणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान त्याच्या लहान मुलाचं होऊ शकतं. कपड्याला, केसाला, चपलेला लागलेली धूळ खोलीत येते. एका खोलीत संसार, तिथेच रांगणारं मूल, हात सारखा तोंडात. पोटात तेवढंच शिसं गेलं तर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट ते मुलाच्या अंगात उतरतं. मुलाचा मेंदू घडत असतो, त्यामुळे शिकण्यात मागं पडणं, लक्ष न लागणं, हट्टीपणा हे होतं आणि झालेलं नुकसान नंतर औषधानं भरून येत नाही.

चीनमध्ये ग्वीयू नावाचं गाव आहे, घराघरात ई-कचरा फोडायचा धंदा. तिथे १६५ लहान मुलांचं रक्त तपासलं होतं, २००७ मध्ये ते छापून आलं. त्यातल्या १३५ मुलांच्या रक्तात त्या काळी धोक्याची मानलेली पातळी ओलांडलेली होती. ती पातळी तेव्हा १० होती. आज जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं तरी शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा. खरं तर सुरक्षित अशी पातळीच नाही.

गरोदर बाईची गोष्ट आणखी वेगळी. पोटातल्या बाळासाठी शरीर हाडातलं कॅल्शियम काढतं, त्यासोबत जुनं साठलेलं शिसंही बाहेर येतं आणि वारेतून बाळाकडे जातं. म्हणजे लग्नाआधी पाच वर्षं प्लेटा तापवल्या असतील आणि आता काम सोडलं असेल तरी ते डॉक्टरांना सांगायला हवं. गर्भ पडणं, दिवस भरायच्या आधी बाळंत होणं, कमी वजनाचं मूल असे धोके असतात. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त ओढलं जातं. आशाताई ज्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात त्या उशीखाली न ठेवता खा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात जगभरात १ कोटी २९ लाखांपर्यंत बायका कचऱ्याच्या असंघटित कामात असल्याचा अंदाज दिला आहे.

दवाखान्यात काय सांगायचं

पहिलं वाक्य हे म्हणा : "मी भंगारात काम करतो, सर्किट फोडतो, वायर जाळतो, बॅटरी उघडतो." जे करता तेच सांगा. किती वर्षं, दिवसाला किती तास, जागा बंद आहे का उघडी, घरी माल आणता का, हेही. 'मजुरी करतो' एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या डोळ्यापुढे बांधकाम नाहीतर शेत येतं. 'कचऱ्याचं काम' सांगायला लाज वाटते, हे खरं आहे. पण डॉक्टरांपुढे लाजून तपासणी चुकते.

शिशासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते, तिला 'ब्लड लेड' म्हणतात. साध्या रक्त तपासणीत ते दिसेलच असं नाही. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून शिसं नाही असं होत नाही. ही सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात नसते, नमुना मोठ्या लॅबला जातो. पुण्यात असाल तर ससूनसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या मेडिसिन विभागात आधी विचारा. रक्त द्यायच्या आधी हात साबणानं चांगले धुवा, नाहीतर बोटावरची धूळ नमुन्यात जाऊन आकडा खोटा वाढतो. सोबत किडनीची तपासणी, लघवी, बीपी, आणि खोकला असेल तर छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारायची फुप्फुसाची चाचणी. घरात सहा वर्षांखालचं मूल असेल आणि माल घरी येत असेल तर मुलाचंही रक्त तपासायला सांगा.

उपचारात पहिली गोष्ट म्हणजे शिशापासून लांब होणं. शिसं बाहेर काढायची औषधं आहेत, पण ती आकडा फार वाढल्यावर आणि दवाखान्यातच देतात. इंजेक्शन घ्यायचं आणि परत जाऊन तेच काम करायचं, हे चालत नाही.

गुळाचा खडा खाल्ला की धूळ पोटातून निघून जाते, असं गिरणीपासून भंगारापर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतं. गूळ खायला हरकत नाही, पण रक्तातलं शिसं त्यानं निघत नाही. अशक्तपणावर रस्त्यावर किंवा ओळखीतून मिळणारी नाव नसलेली भस्मं आणि पुड्या तर अजिबात घेऊ नका, काहींमध्ये शिसं आणि पाराच सापडलेला आहे.

अॅसिड अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धरा. भिजलेले कपडे काढा. हळद, टूथपेस्ट, चुना काही लावू नका. डोळ्यात गेलं तर डोळा उघडा ठेवून पाणी मारत राहा आणि १०८ ला फोन करा.

काम सोडता येत नाही, मग काय?

'हे काम करू नका' असं शहरातल्या भाषणात सांगणं सोपं आहे. ज्याच्या घरात संध्याकाळचं पीठ या कामावर येतं त्याला ते सांगून उपयोग नाही. तरी काही गोष्टी पैशाविना होतात.

वायर जाळण्यापेक्षा सोला. हा नुसता आरोग्याचा सल्ला नाही, हिशेब आहे. जळालेलं काळं तांबं बाजारात कमी भावानं जातं, सोललेलं चकचकीत तांबं वरच्या भावानं. केबल सोलायची हातानं फिरवायची मशीन मिळते, दोन-तीन दुकानांनी मिळून घेतली तरी जमतं.

सर्किट प्लेट आहे तशी विका. तेजाबाचं काम करून हातात येणारं जास्तीचं सोनं थोडं असतं आणि त्यासाठी फुप्फुस पणाला लागतं. वेगळं करणं आणि वर्गवारी लावणं हेच कौशल्य आहे, त्यातच कमाई आहे.

तोंडाला रुमाल बांधला म्हणजे झालं असं नाही. रुमाल मोठी धूळ थोडी अडवतो, धूर आणि वाफ सरळ आत जाते. एन-९५ मास्क धूळ अडवतो, पण तेजाबाच्या वाफेला आणि पाऱ्याला तोही उपयोगाचा नाही. कोरडं झाडू नका, पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं पुसा. खाण्याआधी, तंबाखूआधी साबण लावून हात धुवा. नुसत्या पाण्यानं शिसं जात नाही. कामाचा शर्ट-साडी दुकानातच बदला आणि वेगळी धुवा. चप्पल उंबऱ्याबाहेर. भाकरीचा डबा फोडायच्या जागेपासून लांब. पोरांना सुट्टीत 'हाताखाली' म्हणून नेऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या.

कायदा आणि कार्ड

ई-कचऱ्याचे वेगळे नियम देशात पहिल्यांदा २०१२ मध्ये लागू झाले, मग २०१६ ला बदलले, आणि आताचे नियम १ एप्रिल २०२३ पासून चालू आहेत. त्यांत १०६ प्रकारच्या वस्तू येतात. वस्तू बनवणाऱ्या कंपनीनं तेवढ्या प्रमाणात कचरा नोंदणी असलेल्या कारखान्यातून प्रक्रिया करून घ्यायचा असतो. कामातल्या कामगारांची ओळख, नोंदणी, प्रशिक्षण आणि दरवर्षी त्यांच्या आरोग्य-सुरक्षिततेवर देखरेख ही जबाबदारी याच नियमांत राज्याच्या कामगार खात्यावर टाकलेली आहे. कागदावर हे चांगलं आहे. पण दुकानाच्या मागच्या शेडात बसलेला माणूस कुणाच्याच हजेरीवर नसतो. शिशाची विषबाधा हा कामगार कायद्यात कित्येक वर्षांपासून कामामुळे होणारा आजार म्हणून लिहिलेला आहे, नुकसानभरपाईही आहे. ती मागायला मालक कोण ते दाखवावं लागतं, आणि इथे मालक नावाला कुणी नाही.

म्हणून ओळखीचा कागद महत्त्वाचा. पुण्यात संघटनेच्या रेट्यामुळे नव्वदच्या दशकात महापालिकेनं कचरावेचकांची ओळखपत्रं मान्य केली आणि २००२-०३ पासून त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. ओळखपत्र आधी आलं, म्हणून विमा मिळाला. फोडणी करणाऱ्या कामगारांपर्यंत असं काही पोचलेलं नाही. कर्वेनगर भागात राहणाऱ्यांनी वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयात किंवा जवळच्या आरोग्य कोठीत कचरावेचकांच्या नोंदणीची चौकशी करावी.

असंघटित कामगारांसाठी ई-श्रम कार्ड आहे. वय १६ ते ५९, पीएफ-ईएसआय नसलेला कुणीही काढू शकतो. आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि बँक खातं लागतं, हेल्पलाइन १४४३४. नोंद करताना काम 'मजूर' असं मोघम न टाकता कचरा-भंगाराचं टाकायला सांगा. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत २०२४ पासून कचरावेचकही घेतले आहेत, त्यात आयुष्मान कार्ड आणि सुरक्षेची साधनं आहेत. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत ठरलेल्या यादीतले उपचार मिळतात. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते आजारी पडायच्या आधी बघून ठेवा.

आणि आपल्या बांधावर

हे सगळं पुण्यातच घडतं असं नाही. विहिरीवरची केबल चोरीला जाते आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यात जळालेल्या रबराची राख सापडते, हे कोणत्या गावात झालं नाही? जळालेल्या मोटारीची वायंडिंग काढायला रिवायंडिंगच्या दुकानामागे जाळ करतात, तोच धूर. शेतात वायर जाळली तर जागा तरी अशी बघा की तिथे चारा नाही, पाणी नाही आणि पोरं खेळत नाहीत. न जाळलेलंच बरं.

ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची, झटका मशीनची जुनी बॅटरी गोठ्यापाशी टाकून ठेवू नका. जनावरांना ती चाटायची सवय लागते. शिसं पोटात गेलं की गाय-म्हैस आंधळ्यासारखी भिंतीला धडकते, दात खाते, तोंडाला फेस येतो, झटके येतात आणि दोन-तीन दिवसांत दगावते. वासरं तर लगेच. लोक साप चावला म्हणतात. असं दिसलं तर पशुवैद्यकाला बॅटरीचं आधी सांगा. त्या जनावराचं दूध तपासणी होईपर्यंत घरात किंवा डेअरीला देऊ नका.

बॅटरीतलं अॅसिड बांधावर ओतून रिकामं खोकं विकायची पद्धत आहे, वजन हलकं पडतं म्हणून. तसं न करता अख्खी बॅटरी दुकानदाराला द्या. नवीन घेताना जुनीची किंमत वजा होते. फुटलेला टीव्ही, बंद मोबाईलही न फोडता द्या, आणि मोबाईल देताना सिम आणि कार्ड काढायला विसरू नका.